जुन्या शेवरलेच्या टू-स्पीड एक्सलच्या व्हॅक्यूम नळ्या कशा जोडाव्यात?

प्रश्न असा आलाय: पारोळ्याजवळच्या एका खळ्यात आजोबांच्या काळातला १९५१ चा पेट्रोलवरचा शेवरले ट्रक उभा आहे. इंजिन चालू झालं, गिअर पडतात. पण मागच्या एक्सलच्या हौसिंगवर पत्र्याचा एक गोल डबा आहे, त्याला दोन निपलं आहेत आणि नळी एकही नाही. गिअरच्या दांड्यावर बटण आहे, त्याची केबल चॅसीवरच्या एका वॉल्व्हपर्यंत जाते, त्या वॉल्व्हला चार तोंडं. इंजिनाच्या मॅनिफोल्डवरचं (सिलिंडरांना हवा-पेट्रोल पोहोचवणाऱ्या पाइपावरचं) निपल कुणीतरी लाकडी खुंटी ठोकून बंद केलंय. कोणती नळी कुठे जाते, आणि उलटी लागली तर एक्सल फुटेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे भीती जाईल. नाही फुटणार. टू-स्पीड एक्सल म्हणजे मागच्या एक्सलमध्येच दोन गुणोत्तरं, सपाटीला हाय आणि चढाला जास्त ओढीचं लो; तो पत्र्याचा डबा व्हॅक्यूमनं, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीनं, एकातून दुसऱ्यात नेतो. डब्याच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर हायच्या जागी लो लागेल आणि लोच्या जागी हाय. नळ्या काढायच्या, बदलून लावायच्या, पाच मिनिटांचं काम. मी धुळ्यात १९७४ पासून जड गाड्यांची कामं करतोय. या एक्सलनं दगा दिलेला मी पाहिलाय, पण तो उलट्या नळीमुळे नाही, गळक्या नळीमुळे. म्हणून कोणती नळी कुठे हे मी सांगतोच, पण जास्त बोलणार आहे ते हवा कुठून शिरते त्याबद्दल.

आणि गाडीखाली शिरायच्या आधी एक गोष्ट. या गाड्यांचा हँडब्रेक बहुतेक वेळा मागच्या चाकांवर नसतो. गिअरबॉक्सच्या पाठीमागे, मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या लांब प्रोपेलर शाफ्टच्या तोंडाशी ड्रम असतो, त्यावर असतो. म्हणजे हँडब्रेक शाफ्ट धरतो, आणि शाफ्टनं चाकं धरायची ती एक्सलच्या दातांमार्फत. टू-स्पीड एक्सलमध्ये हाय आणि लोच्या मध्ये एक जागा अशी असते की दात कुठेच अडकलेले नसतात. तिथे एक्सल लटकला की हँडब्रेक कितीही ओढा, गिअरमध्ये गाडी कितीही ठेवा, चाकं मोकळीच. तुमच्या गाडीला नळ्याच नाहीत, त्यामुळे एक्सल आत्ता कुठे आहे हे तुम्हाला माहीत नाही. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. माझे उस्ताद गाडीकडे न बघता आधी चाकांकडे बघायचे आणि ओरडायचे, "पोऱ्या, गाडी उभी शे, पन दगड कोठे शे?"

हे त्यांनी मला कन्नडच्या घाटात शिकवलं. चाळीसगावहून रुईच्या गाठी भरून गाडी वर चालली होती, मी मागे गाठींवर. एका वळणावर ड्रायव्हरनं लोसाठी बटण दाबलं, क्लच मारला आणि इंजिन एकदम मोकळं ओरडायला लागलं. ओढ संपली. गाडी थांबली आणि मागे सरकायला लागली. हँडब्रेक ओढला तर काहीच नाही. पायाच्या ब्रेकवर त्यानं गाडी धरली आणि क्लीनरनं उडी मारून दगड घातला. नंतर खाली वाकून पाहिलं तर वॉल्व्हकडे जाणारी रबरी नळी सायलेन्सरच्या पाइपाला टेकून भाजलेली, बोट जाईल एवढं भोक. हायमधून एक्सलचे दात सरकवणारा काटा निघाला, लोपर्यंत नेईल एवढी ताकद डब्यात उरली नव्हती. असा मधल्या मध्ये लटकला होता एक्सल.

ही ताकद येते कुठून ते समजलं की नळ्या आपोआप सुचतात. पेट्रोल इंजिन अॅक्सिलरेटर सोडलेला असताना हवेसाठी तडफडतं. कार्बुरेटरचं पान बंद असतं आणि सिलिंडर मॅनिफोल्डमधून ओढ घेत असतात. नीट इंजिनात आयडलला साधारण १८ ते २० इंच पाऱ्याएवढा व्हॅक्यूम मिळतो. अॅक्सिलरेटर पुरता दाबला की तो जवळजवळ शून्यावर येतो. तुमच्या आजोबांच्या ड्रायव्हरला हे पुस्तकाशिवाय माहीत होतं, कारण या गाड्यांचे वायपरही व्हॅक्यूमवरच चालायचे. पावसात घाट चढताना पाय दाबला की वायपर काचेच्या मध्यावर झोपायचा. काच दिसायला हवी तर क्षणभर पाय सोडायचा.

आता गंमत बघा. लो हवा असतो घाट चढताना, पाय दाबलेला असताना, म्हणजे नेमका व्हॅक्यूम नसताना. म्हणून चॅसीला एक टाकी असते. मॅनिफोल्ड आणि टाकीच्या मध्ये चेक वॉल्व्ह, हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा. व्हॅक्यूम असतो तेव्हा इंजिन टाकी रिकामी करून ठेवतं, पाय दाबल्यावर चेक वॉल्व्ह मिटतो आणि टाकीतली शिल्लक वापरली जाते. तेव्हा वाट अशी: मॅनिफोल्ड, चेक वॉल्व्ह, टाकी, बटणाचा वॉल्व्ह, आणि तिथून दोन नळ्या डब्याला. तुम्ही टाकीचा उल्लेख केलेला नाही. चॅसीच्या आतल्या बाजूला बघा, बऱ्याच गाड्यांतून ती कुणीतरी काढून नेलेली असते. नसेल तर बसवा. टाकीशिवायही खळ्यात एक्सल टकाटक बदलेल, आणि घाटात नाही बदलणार.

चेक वॉल्व्ह उलटा बसला की सगळं सामान नवं असूनही काम होत नाही, आणि ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त केलीय. बसवण्याआधी हातात घ्या. इंजिनाकडे जाणाऱ्या तोंडातून ओढलं तर हवा आली पाहिजे, फुंकलं तर अडली पाहिजे. दोन्हीकडून हवा जात असेल तर आतली चकती किंवा गोळी घाणीनं अडकलीय. पेट्रोलनं धुवा, वाळवा, मग परत बघा. टाकीच्या तळाचा बूच असेल तर तो उघडा. तीस वर्षांत तिथे गंजाचं पाणी साचलेलं असतं, ते पुढे वॉल्व्हमध्ये गेलं की तो चिकटतो.

बटणाच्या वॉल्व्हच्या चार तोंडांपैकी कोणतं कशाचं, याचं चित्र शोधत बसू नका. शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा मुंबईतल्या शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ साली सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला; त्यानंतर या गाड्यांना जे हाताला लागेल ते सामान बसत गेलं. तुमचा वॉल्व्ह मूळचाच असेल, मूळच्याच बाजूनं बसला असेल, याची खात्री कुणी द्यावी? वॉल्व्हलाच विचारा. चारपैकी एक तोंड हवेसाठी उघडं असतं, त्यावर बहुधा जाळी किंवा छोटं फिल्टर असतं. त्या तोंडातून फुंका. बटण वर असताना हवा एका निपलातून येईल, बटण खाली केल्यावर दुसऱ्या निपलातून. ही दोन निपलं डब्याची. दोन्ही वेळा ज्याच्यातून हवा येत नाही ते तिसरं, टाकीकडचं. एकाच वेळी दोन-तीन तोंडांतून हवा येत असेल तर वॉल्व्ह आतून खपलाय किंवा केबल त्याला पूर्ण सरकवत नाहीये. केबल आधी तपासा: बटण दोन्ही टोकांना नेल्यावर वॉल्व्हचा दांडाही दोन्ही टोकांना टेकला पाहिजे.

ते हवेचं तोंड कृपा करून बुजवू नका. "एक निपल जास्तीचं दिसलं म्हणून बोल्ट मारला" असं सांगणारे मला दर दोन-चार वर्षांनी भेटतात. डब्यात डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी. एका बाजूनं हवा ओढली जाते तेव्हा दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरली पाहिजे, तरच डायफ्राम सरकेल. दार बंद करून घेतलं तर सरकणार कसा? आपल्याकडे हे तोंड आपोआपही बुजतं. जिनिंगच्या आवारात राबलेल्या गाडीच्या या जाळीवर रुईचे तंतू आणि तेलकट धूळ यांचा असा नमदा बसलेला असतो की चाकूनं खरवडावा लागतो. एक्सल बदलतो पण उशिरा बदलतो, अशी तक्रार असेल तर मी पहिल्यांदा तिथेच बघतो.

आता डबा. तुमच्या डब्याला दोन निपलं आहेत म्हणजे दोन्ही दिशांना व्हॅक्यूमवरच चालणारा. एका निपलाला व्हॅक्यूमचा हातपंप आणि तो मोजायचं घड्याळ लावा, दुसरं निपल उघडं ठेवा. १५ इंचापर्यंत ओढा. डब्याचा दांडा एका बाजूला सरकला पाहिजे आणि घड्याळाचा काटा जागेवर राहिला पाहिजे. चहा पिऊन होईपर्यंत तो दिसण्याइतका उतरला तर डायफ्राम फाटलाय किंवा दांड्याचं सील गेलंय. मग पंप दुसऱ्या निपलाला लावून तेच. पंप नसेल तर आमच्या वेळची पद्धत: स्वच्छ नळीचा वीतभर तुकडा निपलाला लावायचा, तोंडानं ओढायचं आणि जिभेचं टोक नळीवर ठेवायचं. डायफ्राम शाबूत असेल तर जीभ चिकटून राहते. नळीत गिअर ऑइलचा वास आला तर सीलमधून हौसिंगचं तेल डब्यात येतंय, आणि हे तेल पुढे इंजिन ओढून जाळतं. मालक मग इंजिनाच्या पिस्टनच्या रिंगा बदलत बसतो.

डब्यातली ताकद किती असते याचा अंदाज असलेला बरा. सहा इंच व्यासाचा डायफ्राम धरा. क्षेत्रफळ २८ चौरस इंच. १८ इंच पाऱ्याचा व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस इंचाला पावणेनऊ पौंडांच्या आसपास, म्हणजे एकूण २५० पौंड. एक क्विंटलहून जास्त ओढ आहे ती. गळतीनं व्हॅक्यूम निम्मा झाला की ओढ निम्मी.

कोणतं निपल हायचं आणि कोणतं लोचं, हे इंजिन बंद ठेवून मोजता येतं. पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या एका बाजूला दगड, दुसरं मागचं चाक जॅकवर, एक्सलखाली घोडा (आधाराचा स्टँड). गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला; दगड कशासाठी ते आता कळलं असेल. एका निपलाला व्हॅक्यूम द्या आणि उचललेलं चाक हातानं थोडं पुढे-मागे हलवा. उभ्या गाडीत दात समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे आतला काटा स्प्रिंगवर ताणून थांबलेला असतो. चाक हलवलं की टक् असा आवाज होऊन बसतो. मग प्रोपेलर शाफ्टवर खडूनं रेघ मारा आणि उचललेल्या चाकाचे पूर्ण दोन फेरे करा. एकच चाक फिरतंय म्हणून दोन फेरे. शाफ्टचे जेवढे फेरे झाले ते त्या बाजूचं गुणोत्तर. आता दुसऱ्या निपलाला व्हॅक्यूम देऊन पुन्हा मोजा. ईटन कंपनीच्या या प्रकारच्या एक्सलमध्ये लोचं गुणोत्तर हायच्या सुमारे १.३९ पट असतं. एकदा सव्वासहा फेरे आले तर दुसऱ्यांदा पावणेनऊच्या आसपास यायला हवेत. जास्त फेरे आले ते निपल लोचं. चाक फिरतंय आणि शाफ्ट हलतच नाही असं झालं तर एक्सल मध्ये लटकलाय, वर सांगितलेल्या त्या जागी. बहुतेक गाड्यांत बटण वर ओढलं की हाय आणि खाली दाबलं की लो. बटण खाली असताना वॉल्व्हच्या ज्या निपलातून ओढ लागते ते लोच्या निपलाला जोडा. उरलेली नळी उरलेल्या निपलाला.

नळीवर मात्र कंजुसी नको. पेट्रोलची पातळ नळी, वेल्डिंगची नळी, मिस्त्र्यांच्या लेव्हलची पारदर्शक नळी, यातलं काहीही लावलेलं मी पाहिलंय. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, पारदर्शक नळी पोह्याच्या पापडासारखी लुळी पडते आणि व्हॅक्यूमनं आतून मिटते. बाहेरून बघाल तर नळी अखंड, आणि एक्सल बदलत नाही. ब्रेक बूस्टरसाठी येते ती जाड भिंतीची, आत धाग्याचं अस्तर असलेली व्हॅक्यूम नळी मागा. निपलच्या मापाचीच घ्या. ढिली नळी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट होत नाही, फक्त तशी दिसते.

रबर लागेल तेवढंच वापरा. चॅसीच्या लांबीभर लोखंडी पाइप आतल्या कडेनं न्या, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूनं, हातभर अंतरावर क्लिपा मारून. रबरी नळी फक्त टोकांना: इंजिन हलतं तिथे, आणि चॅसीवरून एक्सलवर उतरताना. ही शेवटची उडी महत्त्वाची. गाडी भरली की कमानपाटे बसतात, रिकामी झाली की एक्सल खाली जातो, आणि खड्ड्यात तर अजून खाली. रिकाम्या गाडीची चॅसी जॅकनं उचला, एक्सल लोंबू द्या, आणि त्या स्थितीत नळीला चार बोटं ढील उरते का बघा. ढील फार ठेवलात तर नळी प्रोपेलर शाफ्टला घासेल. दोन्ही नळ्यांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी बांधा. पुढच्या मिस्त्र्यावर उपकार होतील.

तुमच्या गाडीला ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम बूस्टर असेल तर तोही याच मॅनिफोल्डवर जगतो. त्याची वाट वेगळी ठेवा, त्याला स्वतःचा चेक वॉल्व्ह असू द्या. एक्सलची नळी फुटली म्हणून ब्रेक जड व्हावा, असं होता कामा नये. आणि कधी हौसेनं डिझेल इंजिन बसवायचा विचार आला तर लक्षात ठेवा, साध्या डिझेलला हवेचं पान नसतं, त्यामुळे व्हॅक्यूमही नसतो. वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. काही जुन्या डिझेलना इंजिनाचा वेग आवरणारा, हवेवर चालणारा गव्हर्नर असतो, त्याच्या बारीक नळीत व्हॅक्यूम सापडतो, आणि कुणीतरी हुशार माणूस तिथेच फांदी मारायला जातो. तिथे गळती झाली की डिझेलचा पंप पूर्ण डिझेल सोडतो आणि इंजिन आवरत नाही. तिथे हात लावू नका.

सगळं जोडून झालं की खुंटी काढून निपल जोडा आणि इंजिन चालू करा. आयडल पूर्वीपेक्षा ओबडधोबड झालं तर कुठेतरी हवा शिरतेय. कार्बुरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी नळ्या एकेक चिमटून बघा, ज्या नळीला चिमटल्यावर इंजिन सुधारेल त्या वाटेवर भोक आहे. मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि बाजूला उभं राहून कुणाला तरी बटण वर-खाली करायला सांगा. वॉल्व्हच्या हवेच्या तोंडाशी फुस्स ऐकू आलं पाहिजे, आणि डब्याचा दांडा एकदोन वेळा तरी पूर्ण ताकदीनं सरकला पाहिजे. ही टाकीतली शिल्लक. दहा मिनिटं थांबून पुन्हा करा. तेव्हा काहीच झालं नाही तर चेक वॉल्व्ह किंवा टाकी गळतेय.

चालवायची पद्धत आजोबांना विचारायची सोय आता नसेल, म्हणून सांगतो. हायला जाताना बटण वर करा, अॅक्सिलरेटर सोडा, क्षणभर थांबा, टक् जाणवलं की पाय परत द्या. लोला येताना अॅक्सिलरेटर दाबलेलाच ठेवा, बटण खाली करा आणि क्लच झटकन दाबून सोडा. ५० च्या वेगाला हायमध्ये इंजिन जेवढं फिरत होतं तेवढंच ते लोमध्ये ३६ च्या वेगाला फिरेल, हे मनात धरून वेळ साधा. सुरुवातीला गिअर आणि एक्सल एकदम बदलायला जाऊ नका. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते. तिथला, हाय-लोप्रमाणे माप जुळवणारा अडॅप्टर गेलेला असेल तर स्पीडोमीटरचा काटा दोनपैकी एकाच बाजूला खरं बोलेल. आणि उतारावर एक्सल कधीच बदलायचा नाही. उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर, लो लावून घ्यायचा आणि खाली पोहोचेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

पहिले दोन दिवस पारोळा-अमळनेर रस्त्यावर रिकामी गाडी फिरवा, रोज संध्याकाळी नळ्यांची टोकं आणि क्लिपा बघा. ते नीट राहिलं तर अर्धा माल भरून धुळ्याला या, पुढे लळिंगचा चढ आहेच. दगड केबिनमध्येच ठेवा, मागे मालाखाली नको.